ट्रँटरच्या कुरणातून

क्विन्स कॉटेज, ओव्हर मार्लिंग
१४ एप्रिल १९९६

प्रिय एडनामामी,

नाताळानंतर तुला एक ओळही लिहिली नाही, याची आधी माफी मागते. कारणं देणार होते: कॉलेजच्या ग्रंथालयातलं काम, फेब्रुवारीतला खोकला, छपराची गळती. पण तुझं पत्र टेबलावर उघडं पडलं होतं आणि मी रोज ते बाजूला सारून डायरी लिहीत होते. म्हणजे वेळ होता. फोनवर तुला ऐकू येत नाही, त्यामुळे पत्र हाच एक मार्ग आहे, हेही माहीत होतं. तेव्हा कारण काही नाही. माफ कर.

तुझ्या घरात भाड्याने राहायला येऊन मला दीड वर्ष झालं. पंचेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा असं वाटतंय की या भिंतीत खिळा ठोकायला कुणाला विचारावं लागू नये. घटस्फोटानंतर बर्मिंगहॅमच्या त्या फ्लॅटमध्ये मी सहा वर्षं काढली आणि एक झाड लावलं नाही. इथे आल्या आल्या आठ लावली. तू म्हणाली होतीस, "घे विकत, तुझ्याशिवाय मी कुणाला देणार?" तर आता ऐक: बँक कर्ज द्यायला तयार आहे. वकील मिस्टर प्यू यांनी कागद तपासले. एकच अडचण सांगतात, ती गाडीवाटेची. मोठ्या रस्त्यापासून घरापर्यंतची दोनशे पावलं आपण ट्रँटरच्या कुरणातून गाडी नेतो. त्याचा हक्क कुठल्याच कागदावर नाही. तो कागदावर आल्याशिवाय बँक पैसे सोडणार नाही. प्यू म्हणाले, ते मी तुमच्या मामींच्या वकिलांशी बोलतो, तुम्ही शेजाऱ्यांकडे विषय काढू नका. वकील लोकांना सगळंच लांबवायची सवय असते.

जूनअखेर व्यवहार पुरा करू या का? तारीख कळव.

आणखी एक. चर्चमध्ये फुलं लावणाऱ्या बायका तुझ्याबद्दल जे बोलतात ते मला आवडत नाही, म्हणून सांगते. इथे अरुंद रस्त्यावर कुणी गाडी बाजूला घेतली की दुसरा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. तेवढंच आभाराचं. "तुझ्या मामीने ट्रँटरला एवढ्या वर्षांत बोट दाखवलं नाही गं. त्याच्याच कुरणातून जायची आणि समोर बघत जायची, राणीसारखी." मी हसून वेळ मारून नेली. मी स्वतः बोट उचलते, हसते, कधी काच खाली करून हवेबद्दल बोलते. म्हातारा चांगला आहे.

गेल्या आठवड्यात एका मोठ्या गाडीतून लंडनकडचं वाटावं असं एक जोडपं आलं होतं. फाटकापाशी उभं राहून बराच वेळ आपल्या घराकडे बघत होतं. तुला काही माहीत आहे का?

तुझी,
हिलरी


टेन्बी
२२ एप्रिल

हिलरी,

पत्र मिळालं. माफी कसली मागतेस, मी काय तुझी वाट बघत खिडकीत बसत नाही. इथे बहिणीच्या घरात खिडकीत तिची मांजर बसते.

घर तुझंच आहे. पण व्यवहार ऑक्टोबरआधी नाही. का ते विचारू नकोस. तुझ्या त्या प्यूला माझा वकील सांगायचं तेवढंच सांगेल.

ट्रँटरशी हवेच्या गप्पा बंद कर. हसायचं तर हस, तोंड उघडू नकोस. त्याच्या घरी जायचं नाही, त्याला घरी बोलवायचं नाही. चर्चमधल्या बायकांना म्हणावं, एडना उद्धट आहे ते खरंच आहे.

क्विन्सच्या झाडाला खालून फुटवे आले असतील ते काप.

एडनामामी


ओव्हर मार्लिंग
१९ मे

प्रिय मामी,

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे. पहिल्या तिन्हींत मी फार गोड बोलले होते.

बँकेने दिलेली मुदत एकतीस ऑगस्टला संपते. त्यानंतर सगळं पहिल्यापासून, आणि तेव्हा व्याज काय असेल ते कुणी सांगू शकत नाही. हे मी तुला एप्रिलमध्ये लिहायला हवं होतं, लिहिलं नाही, ती माझी चूक. पण "ऑक्टोबरआधी नाही, का ते विचारू नकोस" हे उत्तर तू एखाद्या अनोळखी भाडेकरूला तरी दिलं असतंस का?

ते जोडपं पुन्हा आलं. या वेळी बरोबर मोजायची टेप घेतलेला एक माणूस होता. मी चहा विचारला तर बाई म्हणाली, "नको, आम्ही फक्त अंदाज घेतोय." कसला अंदाज? मला माहीत आहे या भागात काय चालतं. एकाला शब्द द्यायचा, त्याने वकील करायचा, छपराची तपासणी करून घ्यायची, पडद्यांची मापं घ्यायची, आणि शेवटच्या आठवड्यात जास्त देणारा आला की शब्द फिरवायचा. सही होईपर्यंत शब्दाला किंमत नाही. कॉलेजातल्या आमच्या एका बाईचं असं दोनदा झालं. बेकायदा काही नाही म्हणे.

तू असं करशील असं मला वाटत नाही. पण असं वाटत नाही हे मला लिहून दाखवावं लागतंय, याचाच मला राग येतो. रात्री डायरीत मी लिहिलं, "मामी थांबते आहे ती कशासाठी?" आणि त्याखाली तीन कारणं लिहिली. तिन्हींत तू वाईट दिसतेस. चौथं कारण असेल तर सांग.

हिलरी


टेन्बी
२ जून

हिलरी,

तुझा मामा रेग रेल्वेत सिग्नलमन होता. तेहेतीस वर्षं. गाडी येते आहे की नाही हे तो डब्यातल्या माणसांना सांगत बसला नाही. सिग्नल पडेपर्यंत थांबायचं असतं म्हणून लोक थांबायचे.

चौथं कारण आहे. सांगत नाही. कारण तुझ्या मनात असतं ते तुझ्या चेहऱ्यावर येतं आणि चेहऱ्यावर येतं ते अर्ध्या तासात जिभेवर. दहा वर्षांची असताना तू माझी फुलदाणी फोडलीस आणि ते कुणाला कळायच्या आत शेजारी जाऊन त्यांना सांगून आलीस. फुलदाणी त्यांची नव्हती.

त्या मोठ्या गाडीतल्या लोकांना मी ओळखत नाही. एवढं लिहिते आहे तेही मला लागलं म्हणून. रेगच्या सख्ख्या बहिणीची मुलगी मला असं विचारते. डायरीत तीन कारणं लिहिलीस ना, आता त्याखाली लिही की मामीने उत्तर दिलं नाही.

बँक गेली तर दुसरी येईल. ऑक्टोबर.

ए.


ओव्हर मार्लिंग
११ ऑगस्ट

प्रिय मामी,

दोन महिने मी लिहिलं नाही. रागाने नाही लिहिलं, मग लाजेने नाही लिहिलं. तू मला ओळखतेस त्यापेक्षा जास्त मी तुला ओळखायला हवं होतं. त्या जोडप्याबद्दल जे लिहिलं ते मागे घेते.

पण आज पत्र लिहायला आनंदाचं कारण आहे. तुझा हट्ट, माझी घाई, वकिलांची दिरंगाई, सगळं एका दुपारी सुटलं. ऐक.

सकाळी मी विचार केला: अडचण काय आहे? वाटेचा कागद नाही. कागद कोण देऊ शकतो? ट्रँटर. तो राहतो कुठे? दीडशे यार्डांवर. आणि चार शहाणी माणसं चार महिने एकमेकांना टपाल पाठवत बसली आहेत. तुमचं दोघांचं जमत नाही हे मला ठाऊक आहे, तू मला जाऊ नको म्हणाली होतीस हेही आठवत होतं. पण मला वाटलं, जुन्या भांडणाची शिक्षा घराला का? क्विन्सच्या मुरांब्याची बरणी घेतली आणि गेले.

त्याने स्वयंपाकघरात बसवलं. कुत्रा माझ्या पायावर. बायकोच्या कपबश्या काढल्या, तिच्या माघारी वापरत नाही म्हणाला. मी सरळ सांगितलं, की घर घेते आहे, आणि तुम्ही आजवर तुमच्या कुरणातून आम्हाला जाऊ दिलंत त्याबद्दल आमच्या घरातून कुणी धड आभार मानले नाहीत, ते मी मानते. आणि पुढेही जायची परवानगी द्याल का?

मामी, त्याचे डोळे भरून आले. खरंच. त्याने बरणी जवळ ओढली. मग म्हणाला, "एकोणीस वर्षं झाली, बाई. त्या घरातून कुणीतरी येऊन विचारेल म्हणून थांबलोय. कुणी आलं नाही."

"आता आले ना."

"आलीस. लिहून देऊ का?"

मी म्हटलं, तुमची हरकत नसेल तर. तो म्हणाला कागदाचं जावयाला कळतं, त्याला फोन करून येतो. दहा मिनिटं आतल्या खोलीत होता. मग चष्मा लावून सावकाश लिहिलं, तारीख घातली, मलाही सही करायला सांगितली. दोन प्रती. एक सोबत पाठवते आहे. निघताना टोपलीभर अंडी दिली. मी नको म्हटलं तर म्हणाला, "घे गं. शेजारी आहोत."

हा कागद उद्याच प्यूकडे देते. एकतीस तारखेच्या आत सगळं होईल. तुला ऑक्टोबरपर्यंत कशासाठी थांबायचं होतं ते अजून कळलं नाही, पण आता तरी थांबायला नको ना?

तुझी,
हिलरी


टेन्बी
१५ ऑगस्ट

हिलरी,

तुझं पत्र सकाळी आलं. आता चार वाजलेत. बहीण विचारते आहे, कुणी गेलं का?

आता सगळं सांगते. आता सांगायला हरकत नाही, बिघडायचं ते बिघडलं.

आम्ही त्या घरात चार ऑक्टोबर एकोणीसशे शहात्तरला राहायला आलो. वाटेचा हक्क तेव्हाही नव्हता, म्हणून तर घर आम्हाला परवडलं. रेगने वकिलाच्या कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, दुसऱ्याच्या जमिनीवरून वीस वर्षं उजेडात, भांडण न करता आणि परवानगी न घेता ये-जा केलीत, तर वाट कायमची तुमच्या घराची होते. मालक मेला, जमीन विकली, तरी कुणी अडवू शकत नाही. भाडेकरू गेला-आला तरी मोजणी चालू राहते. पण परवानगी घेतलीत की ती मेहेरबानी झाली. मेहेरबानी मागे घेता येते.

वीस वर्षं याच चार ऑक्टोबरला पुरी होत होती. चोपन्न दिवस राहिले होते, हिलरी. तू बरणी घेऊन गेलीस.

रेगने मला पहिल्या दिवशी सांगितलं, "एडना, दोन्ही हात स्टिअरिंगवर. बोटसुद्धा उचलायचं नाही. एकदा आभार मानायला लागलो की एक दिवस तोंडून परवानगी मागितली जाईल. आपली माणसं तशीच आहेत." कारकून हसला होता, बोटाने काही होत नाही म्हणाला. पण रेगला आम्ही दोघं माहीत होतो.

तुला काय वाटतं, मला सोपं होतं? मी सॉरी म्हणत वाढलेली बाई आहे. दुकानात कुणी माझ्या पायावर पाय दिला तर मी माफी मागते. अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये रेग गेला तेव्हा आठवडाभर पाऊस होता. शवपेटीची गाडी चिखलात रुतू नये म्हणून ट्रँटरने पहाटे उठून वाटेवर स्वतःच्या हाताने पेंढा पसरला. टोपी काढून फाटकाशी उभा होता. मी गाडीत बसून समोर बघत गेले. पेटीत रेग होता, आणि मी त्याचं ऐकत होते.

त्याची बायको मेबल गेली तेव्हा मी सफरचंदांचा केक केला. टोपलीत ठेवला, वर फडकं घातलं, कोट चढवला. आणि कोट काढून ठेवला. दारात गेले असते तर सगळं तोंडातून निघालं असतं. तो केक मी एकटीने तीन दिवस खाल्ला. गावात त्या दिवसापासून माझ्याशी धड कुणी बोललं नाही. मी बोलू दिलं नाही.

हे सगळं मी तुझ्यासाठी केलं असं म्हणणार नाही. आधी रेगसाठी केलं, मग घरासाठी. पण शेवटची दोन वर्षं तुझ्यासाठी होती. घर तुला द्यायचं तर रस्त्यासकट द्यायचं होतं.

आणि ती मोठी गाडीवाली माणसं: ती तुझं घर बघत नव्हती. कुरण बघत होती. ट्रँटरचा जावई तिथे बंगले बांधायचं म्हणतो, माझ्या वकिलाला कळलंय. त्याला कागदाचं कळतं, हे तूच लिहिलंस.

मला सध्या पत्र लिहू नकोस.

एडना


ओव्हर मार्लिंग
८ सप्टेंबर

मामी,

तू लिहू नकोस म्हणालीस. तीन आठवडे नाही लिहिलं. आता लिहिते, तू वाचू नकोस हवं तर.

मी तुझ्यावर रागावले आहे. आधी ते लिहिते, कारण ते लपवून बाकीचं खरं लिहिता येणार नाही. एक वाक्य पुरलं असतं. "ऑक्टोबरपर्यंत ट्रँटरला काही विचारू नकोस, वीस वर्षं भरायची आहेत." मी पंचेचाळीस वर्षांची आहे. तू मला फुलदाणी फोडणारी मुलगीच समजलीस आणि ज्या गोष्टीवर माझं सगळं अवलंबून होतं तीच माझ्यापासून लपवलीस. मग त्या मुलीसारखीच मी वागले, तर दोष एकटीचा का?

हे लिहून मी चहा करून आले. दोष एकटीचा नाही, पण जास्त माझा आहे. वकिलाने सांगितलं होतं. तू सांगितलं होतंस. दोन माणसं एकच गोष्ट सांगतात आणि मी ठरवते की त्यांना कळत नाही. आणि का गेले ते खरं सांगू? घरासाठी गेले असं मी लिहिलं. चर्चमधल्या बायकांना मी तुझ्यापेक्षा चांगली वाटावी, हेही होतं. अकरा ऑगस्टच्या पानावर डायरीत मी लिहिलंय, "आज एक चांगलं काम केलं." ते पान फाडणार नाही. रोज उघडून बघते.

बँकेची मुदत गेली. प्यूंनी कागद वाचला, डोळे मिटले, आणि हा कागद आणखी कुणी पाहिला आहे का असं विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मी दोन्ही वेळा म्हटलं, "त्याच्याकडे एक प्रत आहे." त्या संध्याकाळी मी आपली प्रत शेगडीवर धरली. कोपरा तपकिरी झाला. त्याची प्रत आहेच, पण तो शहात्तर वर्षांचा आहे, गोंधळला असेल असं म्हणता येईल, आपल्या दोघींच्या शब्दाविरुद्ध त्याच्या एकट्याचा शब्द. हे सगळं मी तितक्या वेळात पुरतं जुळवलं, इतक्या चलाखीने की मला स्वतःचीच भीती वाटली. मग कागद काढून घेतला. चांगुलपणाने नाही. अजून एक खोटं वीस वर्षं सांभाळायचं त्राण माझ्यात नाही म्हणून.

मग त्याच्याकडे गेले. या वेळी हात हलवत. फाटकाशी उभी राहून विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

त्याने नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

"मला एवढंच माहीत होतं की चार ऑक्टोबरनंतर ती बाई माझं देणं लागणार नाही," तो म्हणाला. "जावयाने सांगितलं होतं दोन वर्षांपूर्वी. कुलूप लाव म्हणाला."

"मग का नाही लावलंत?"

"विधवेच्या वाटेला कुलूप लावणारा? या गावात?" मग त्याने फाटकावर मूठ आपटली. "तिला एक शब्द जड झाला. मी पेंढा टाकला गं. माझ्या हाताने. मेबल गेली तेव्हा साऱ्या गावाने दारात काहीबाही आणून ठेवलं. त्या घरातून काही आलं नाही. तिने एकदा, एकदाच बोट उचललं असतं तर मी तुझ्याकडून कागद घेतला नसता."

मामी, तुझ्या केकबद्दल मला माहीत होतं. तो माझ्यासमोर उभा होता आणि मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. एवढं तरी तुझ्याकडून शिकले.

त्याने जाता जाता सांगितलं, मी आहे तोवर खुशाल जा-ये करा. तो आहे तोवर. नंतर जावई.

मी काय करू, ते तूच सांग. सामान बांधायचं असेल तर तसं सांग.

हिलरी


टेन्बी
२० सप्टेंबर

हिलरी,

फाटकावरच्या त्याच्या बोलण्याचं पान मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचणार नाही.

मी अजून रागावलेली आहे. तुझ्यावर, आणि थोडी रेगवरही. त्याला सिग्नल कळायचे, माणसं कळायची नाहीत असं आता वाटतं. मेलेल्या माणसावर रागावून उपयोग नसतो म्हणून तुझ्यावर जास्त.

तुला आधी सांगायला हवं होतं का? सांगितलं असतं तर तू एप्रिलमध्येच त्याच्याकडे गेली असतीस, तुमच्यापासून लपवणं मला बरं वाटत नाही म्हणत. नाही म्हणू नकोस. तरी सांगायला हवं होतं. तेवढं मानते.

सामान बांधायचं नाही. रेगची आणि माझी वीस वर्षं राखेत गेली तरी ते घर रस्ता नाही म्हणून त्या जावयाला जाऊ देणार नाही. बँक नको. घर तुझ्या नावावर करते, भाडं देतेस तेच हप्ते म्हणून देत राहा, माझ्या मागे माझ्या बहिणीला दे. वकील म्हणतो मी वेडी आहे. त्याला म्हटलं, वाट नसलेलं घर आम्ही एकदा घेतलंय, आम्हाला सवय आहे.

पण मेहेरबानीवर राहायचं नाही. त्याला लिहून दे की परवानगी नको. परत कर. माझ्या वकिलाने विचारून सांगितलं, त्या दिवसापासून मोजणी नव्याने सुरू होते. तो कुलूप लावू शकतो. लावलं तर तू हरलीस आणि चर्चच्या बाजूने पायी यायचं, डोक्यावर कोळसा घेऊन. नाही लावलं तर दोन हजार सोळा. तू पासष्टची होशील. मी नसेन.

तुला जमणार नाही असं मला वाटतं. चूक ठरव.

ए.


ओव्हर मार्लिंग
६ ऑक्टोबर

मामी,

परवा चार तारीख झाली. त्याच दिवशी पत्र दिलं.

पाच मसुदे केले. पहिल्या चारांची सुरुवात आभाराने झाली. एकदा तर मी "आपल्या परवानगीबद्दल मनःपूर्वक आभार, परंतु" असं लिहिलं आणि ते वाचून स्वतःच्या मांडीवर चापट मारली. शेवटी दोन वाक्यं राहिली: "अकरा ऑगस्टची परवानगी मी परत करते. वाट मी वापरत राहीन." खाली नाव. कृपया नाही, स्नेहांकित नाही. पाकिटाबरोबर माझी तपकिरी कोपऱ्याची प्रत आणि अंड्यांची रिकामी टोपली.

तो फाटकाशी होता. चष्मा नव्हता, म्हणून कागद हातभर लांब धरून वाचला.

"रेगच्या बायकोने शिकवलं," तो म्हणाला.

मी गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवली.

"म्हणजे मी उद्या कुलूप लावू शकतो."

"लावू शकता."

त्याने टोपली हातात घेतली, उलटी केली, तळ बघितला. आत काहीतरी असेल असं त्याला वाटलं असावं. "आणि नाही लावलं तर?" म्हणाला.

नाही लावलंत तर मी तुमची फार ऋणी राहीन. हे वाक्य माझ्या तोंडात पूर्ण तयार होतं, मामी. शब्दन् शब्द. मी दात आवळून धरले. गाडीत येऊन बसले. आरशात दिसलं, तो टोपली घेऊन तिथेच उभा होता. मला इतका राग आला, त्याचा, तुझा, रेगमामाचा, या देशातल्या प्रत्येक माणसाचा, ज्याला दार लावता येत नाही आणि दार उघडं ठेवलं म्हणून सांगताही येत नाही. घरी येऊन आठही झाडांचे फुटवे कापले. नको होते तेही कापले.

आज सकाळी बघितलं, फाटक उघडं आहे. बाजूला दगड लावून अडकवलंय, वाऱ्याने मिटू नये म्हणून. जावई आला की काय होईल ते माहीत नाही.

तुझ्या वकिलाचे कागद मिळाले, सही करून सोबत पाठवते. केकबद्दल मी त्याला कधीच सांगणार नाही. दोन हजार सोळामध्ये सांगेन, तो असला तर.

उद्या: आठ वाजता कामाला निघायचं. तो फाटकाशी असेल. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

हिलरी